एक नाममुद्रा, दोन कवी : नामदेव आणि विष्णुदास नामा

मध्ययुगीन मराठी कवींच्या अभ्यासात नामसादृश्याचा प्रश्न पदोपदी उपस्थित होतो. कवीचा परिचय बहुधा रचनेच्या अखेरीस येणाऱ्या नाममुद्रेवरूनच होत असल्याने, एका नावाचे दोन कवी झाले की कर्तृत्वनिर्णय अवघड बनतो. नामदेव आणि विष्णुदास नामा हे याचे ठळक उदाहरण होय.

संत नामदेव (१२७०–१३५०) हे ज्ञानेश्वरांचे समकालीन, जातीने शिंपी आणि वारकरी कीर्तनपरंपरेचे आद्य प्रवर्तक म्हणून सर्वपरिचित आहेत. विष्णुदास नामा हा सोळाव्या शतकातील, एकनाथांच्या काळचा कवी. महाभारतावरील त्याची विस्तृत ओवीबद्ध रचना मुक्तेश्वरांच्या आधीची आहे. दोघांत सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर असूनही त्यांच्या रचनांची सरमिसळ झाली. याचे मूळ ‘विष्णुदास’ या शब्दातच आहे. एका ठिकाणी तो कवीच्या नावाचा भाग ठरतो, तर दुसऱ्या ठिकाणी विष्णूचा दास एवढाच अर्थ सांगणारे विशेषण. त्यामुळे नामदेवांच्या गाथेतील ‘विष्णुदास नामा’ ही मुद्रा कोणाची, हे केवळ मुद्रेवरून ठरवता येत नाही. घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या आरत्यांतही हा भेद दिसतो. ‘युगे अठ्ठावीस’ या आरतीच्या अखेरीस ‘नामदेव’ हे नाव येते, तर ‘येई हो विठ्ठले’च्या अखेरीस ‘विष्णुदास नामा’. गाणाऱ्याला मात्र दोन्ही नामदेवांच्याच वाटतात.

अशा वेळी भाषेचा पुरावा निर्णायक मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. परंतु या कसोटीला मर्यादा आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने, ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि अभंग रचणारे ज्ञानदेव भिन्न होत, असा पक्ष मांडला. दोहोंच्या भाषेतील अंतर हा त्यांच्या युक्तिवादाचा एक मुख्य आधार होता. बहुसंख्य अभ्यासकांनी हा पक्ष स्वीकारला नाही. कारण मुखोद्गत अभंगांची भाषा प्रत्येक पिढीच्या ओठांवर नवी होत जाते. म्हणजेच अर्वाचीन भाषा ही नेहमीच अर्वाचीन कवीची खूण नव्हे.

ज्ञानेश्वरीची प्रत १५८४ मध्ये एकनाथांनी शुद्ध केली. नामदेवांच्या अभंगांना असा जुना संपादक लाभला नाही. त्यांची ६१ पदे १६०४ मध्ये शिखांच्या आदिग्रंथात ग्रथित झाली. पण ती मराठी नसल्याने मराठी अभंगांचा निवाडा त्यांच्यावरून पूर्णपणे करता येत नाही. उलट, पंजाबातील नामदेव निराळेच, असाही एक तर्क पुढे आला.

या निवाड्यात एक दोष विशेष टाळावयास हवा. सरस रचना तेवढ्या नामदेवांच्या आणि सामान्य रचना विष्णुदास नाम्याच्या, अशी वाटणी करणे म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरणे होय. यात विष्णुदास नाम्यावर अन्याय होतो आणि महाभारताच्या मराठी परंपरेतील एक महत्त्वाचा दुवा झाकोळतो. दुसरीकडे, सोळाव्या शतकातील रचना तेराव्या-चौदाव्या शतकातील मानली तर भाषेच्या आणि वारकरी पंथाच्या इतिहासाचा कालक्रमच विस्कळीत होतो.

क्रिश्चन ली नोवेत्झके यांनी २००८ मधील आपल्या ग्रंथात नामदेव या नावाकडे कीर्तनातून जोपासलेल्या सामूहिक स्मृतीच्या दृष्टीने पाहिले आहे. परंपरेच्या दृष्टीने हे नाव अनेक कंठांचे ठरते, हे मान्य करावे लागते. परंतु तेवढ्याने कर्तृत्वशोधाचे प्रयोजन संपत नाही. हस्तलिखिताचा काळ, रचनेतील अंतर्गत उल्लेख, तत्कालीन कवींचे निर्देश आणि भाषा ही साधने परस्परांशी ताडून पाहावीत. आणि जेथे ती एकमुखाने बोलत नाहीत, तेथे अभंग कोणाच्याही पदरात न टाकता संदिग्ध म्हणूनच नोंदवावा, हेच शास्त्रीय ठरेल.