टेंभुर्णी : आपल्या रानातील आबनूस

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याचे डोंगर पसरले आहेत. या डोंगरांतील पानगळीच्या रानात सागाच्या सोबतीने टेंभुर्णी वाढते. तिलाच तेंदू म्हणतात. विडीचे पान देणारे झुडूप एवढीच तिची ओळख आज बहुतेकांस असते. परंतु जगात मौल्यवान ठरलेले काळे लाकूड, म्हणजे आबनूस, ज्या डायोस्पायरॉस प्रजातीच्या वृक्षांपासून मिळते, त्याच प्रजातीतील हा वृक्ष होय. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग याने त्यास दिलेल्या शास्त्रीय नावात ‘मेलॅनोझायलॉन’ हा शब्द आहे. त्याचा अर्थच ‘काळे लाकूड’ असा आहे.

काळ्या लाकडाचा मान फार प्राचीन आहे. इजिप्तमधील तुतानखामेन राजाचे थडगे १९२२ साली सापडले, तेव्हा त्यात अशा लाकडाच्या वस्तू मिळाल्या. मात्र इजिप्तचे ते लाकूड बहुधा शिसवाच्या जवळच्या एका आफ्रिकी वृक्षाचे असे. खरे आबनूस दक्षिण भारत व श्रीलंकेत होते. ते इतके जड असते की पाण्यात बुडते. उत्तर प्रदेशातील नगीना हे गाव आबनुसावरील कोरीव कामासाठी एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. व्हायोलिनची पट्टी, पियानोच्या काळ्या पट्ट्या, फण्या, काठ्या व पेट्या यांसाठीही हे लाकूड वापरले गेले. अतितोडीमुळे वृक्ष दुर्मिळ झाले, म्हणून मादागास्करच्या आबनुसाचा व्यापार २०१३ पासून आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित झाला आहे.

आपल्या टेंभुर्णीचे बाहेरील लाकूड फिकट गुलाबी असते. काळा गाभा फक्त जुन्या, जाड खोडात तयार होतो व त्यात अनेकदा तपकिरी रेषा असतात. वृक्ष सावकाश वाढतो. हे लाकूड घाईने वाळविल्यास तडकते, म्हणून ते सावलीत हळूहळू वाळवावे लागते.

येथेच विचार करण्याजोगी गोष्ट आहे. चांगले कोवळे पान मिळावे म्हणून उन्हाळ्यापूर्वी झुडपे छाटली जातात. मुळांपासून पुन्हा धुमारे फुटतात व पानांचे पीक दरवर्षी येते. या पानांचा व्यापार राज्यात १९६९ च्या कायद्याने नियंत्रित केलेला आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपान गौण वनोपजात मोडते. गरीब कुटुंबांस त्यातून हंगामी रोजगार मिळतो, म्हणून पाने तोडणे बंद करावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु प्रत्येक रोप दरवर्षी छाटले गेले तर एकही रोप वृक्ष होणार नाही. मग गाभा नाही, गोड फळे नाहीत आणि बीही नाही.

यास्तव पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. सरळ व जोमदार रोपे निवडून छाटणीतून कायमची वगळावीत. नर व मादी फुले निरनिराळ्या झाडांवर येतात, म्हणून एकटे झाड न राखता जवळपास अनेक झाडे राखावीत.

२. नवे पान फुटावे म्हणून रानास आग लावू नये. आगीत कोवळी रोपे व जमिनीवरील पालापाचोळा नष्ट होतो.

३. पिकलेल्या फळांचे ताजे बी पावसाच्या आरंभी जागेवरच टोकावे. सोटमूळ खोल जात असल्याने रोप उपटून लावल्यास ते क्वचितच जगते.

४. राखीव वनात किंवा अभयारण्यात परवानगीवाचून काहीही तोडू नये. बांधावरील झाड तोडण्यापूर्वीही वनखात्याकडे चौकशी करावी.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी छाटणीच्या हंगामापूर्वी ग्रामसभेत हा विषय मांडावा व राखावयाच्या झाडांवर सर्वांसमक्ष खूण करावी. पान यंदाचे उत्पन्न आहे. काळा गाभा नातवंडांची ठेव आहे. दोन्ही एकाच रानातून मिळू शकतात, मात्र त्यासाठी काही झाडांस कोयता लागता कामा नये.