ना ओळख, ना पाळख!

ज्येष्ठ महिना होता. आभाळ भरून यायचं, पण पाऊस काही पडायचा नाही. नळाला चार दिवसांआड पाणी. अशातच संत निवृत्तिनाथांची पालखी आमच्या नगर जिल्ह्यातल्या गावात आली. आईनं भरलेलं पिंप दारात आणून ठेवलं आणि माझ्या हातात तांब्या दिला.

"येईल त्याला पाणी द्यायचं," ती म्हणाली.

"पण आई, ना ओळख, ना पाळख! आपण काय प्यायचं मग?" मी कुरकुरलो.

आई काही बोलली नाही. तेवढ्यात एक आजी आल्या. डोक्यावर तुळशीवृंदावन, पायांच्या फोडांवर चिंध्या बांधलेल्या. ओंजळीनं पाणी प्यायल्या आणि "माउली!" म्हणत चक्क माझ्या पाया पडल्या. मी तेव्हा पाचवीत होतो. माझे कान असे तापले म्हणता!

मुलांनो, निवृत्तिनाथ म्हणजे ज्ञानेश्वरांचे थोरले भाऊ आणि गुरूही. त्यांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते. नाशिक, सिन्नर करत ती नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शिरते आणि बेलापूर, राहुरी, नगर, मिरजगाव अशी पुढे करमाळ्याकडे जाते. पंढरपूरपर्यंत चारशे किलोमीटरांहून जास्त चाल! वाटेत कुणी पिठलं-भाकरी वाढतं, कुणी तुटलेली चप्पल शिवून देतं, कुणी पाय चेपतं. या भागात पाण्याची टंचाई काही नवी नाही, तरी वारकऱ्यांसाठी टँकर उभा राहतोच. गंमत अशी, की देणारा आणि घेणारा दोघंही एकमेकांना वाकून नमस्कार करतात. मग उपकार कुणी कुणावर केले, सांगा बरं!

रिकाम्या खिशानं चालण्यातली ताकद विनोबा भाव्यांनी चांगली ओळखली होती. भूमिहीनांसाठी जमीन मागत ते 1951 पासून तेरा वर्षं देशभर पायी फिरले. अनोळखी माणसांनी त्यांना लाखो एकर जमीन दिली.

पुढं 1962 साली सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीहून पायी निघाले. अणुबाँब नकोत, हे त्यांना मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनला जाऊन सांगायचं होतं. विनोबांनी त्यांना सल्ला दिला, जवळ पैसे ठेवू नका. पैसे असले, की माणूस खाणावळ शोधतो. नसले, की कुणाचं तरी दार ठोठावतो, त्याच्याशी बोलतो.

पाकिस्तानच्या सीमेवर एका मैत्रिणीनं त्यांना खाण्याची पुडकी देऊ केली. त्यांनी ती घेतली नाहीत. शिदोरी बरोबर नेणं म्हणजे पलीकडच्या माणसांवर अविश्वास दाखवणं, असं त्यांना वाटलं. आणि काय आश्चर्य! पलीकडे एक अनोळखी माणूस त्यांची वाट बघत होता. त्यानं त्यांना आपल्या घरी नेलं.

जॉर्जियात चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांना चार पुड्या दिल्या, चार देशांच्या नेत्यांसाठी. निरोप असा, की बाँबचं बटण दाबावंसं वाटलं, तर आधी थांबा आणि हा चहा प्या! समुद्र तेवढा बोटीनं ओलांडून, बाकी वाट चालून, दोघांनी त्या पुड्या चारही राजधान्यांत पोचवल्या.

वाटेत जेवू घालणाऱ्या त्या शेकडो घरांची परतफेड ते कशी करणार? पुन्हा भेट व्हायचीही शक्यता नव्हती. पाणी पिऊन गेलेल्या आमच्या आजींचंही तसंच. त्यांचं नाव-गाव मी विचारलंच नाही.

त्या दिवशी आमचं पिंप दुपारीच रिकामं झालं. संध्याकाळी शेजारच्या काकू न सांगता दोन हंडे पाणी देऊन गेल्या. काकूंना "थँक्यू" म्हणायला मी धावलो, तर त्या म्हणाल्या, "मला कशाला? उद्या आणखी दिंड्या येणार आहेत. लवकर उठ."

आणि खरंच सांगतो, दुसऱ्या दिवशी तांब्या धरायला मला कुणी सांगावं लागलं नाही.