लाँचच्या क्षणी इंजिनचे तेल जाते कुठे?

ड्रॅग रेसमध्ये उभी गाडी सुटते, यालाच लाँच म्हणतात, आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर कमीत कमी वेळात कापते. यातले पहिले ६० फूट सर्वांत कसोटीचे. टायर डांबराला घट्ट धरतात, गाडीचे नाक उचलले जाते, इंजिन पूर्ण ताकदीने ओढत असते. नेमक्या याच दीड-दोन सेकंदांत इंजिनच्या तळातले तेल पंपाच्या तोंडापासून दूर पळू शकते आणि हजारो रुपये खर्चून बांधलेल्या इंजिनाची बेअरिंगे एका धावेत जातात.

क्रँकशाफ्ट बेअरिंगच्या धातूवर टेकून फिरत नाही. तो तेलावर तरंगतो. ५० मिलिमीटर व्यासाच्या जर्नलभोवती, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाभोवती, साधारण ०.०५ मिलिमीटर मोकळीक ठेवलेली असते. फिरणारा जर्नल या फटीतले तेल स्वतःच ओढून घेतो, त्याची पाचर तयार होते आणि पिस्टनवरून येणारा सगळा भार ही पाचर पेलते. ऑइल पंप तो भार उचलत नाही. फटीतून सतत बाहेर सांडणारे तेल भरून काढणे आणि बेअरिंगची उष्णता वाहून नेणे एवढेच त्याचे काम. पण ६००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १०० फेरे घेतो. अर्धा सेकंद तेलाऐवजी हवा आली, तर ५० फेरे जवळजवळ कोरडे पडतात. बहुतेक वेळा पहिला बळी कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगचा जातो, कारण तिथले तेल मुख्य बेअरिंगांतून, क्रँकच्या आतल्या छिद्रांमधून, सर्वांत शेवटी पोहोचते. पिकअपने, म्हणजे पंपासाठी तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाने, हवा एकदा आत घेतली की ती लगेच निघूनही जात नाही. बुडबुडे मिसळलेले तेल दाबले जाते, त्याचा थर कच्चा राहतो आणि दाब पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

तेल किती सरकते, याचा हिशेब सोपा आहे. पाण्याने भरलेली परात झपकन पुढे ओढली की पाणी मागच्या काठावर चढते. इंजिनच्या तळाशी तेल साठवणाऱ्या चेंबरमध्येही तेच घडते. प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा असेल, तर तेलाचा पृष्ठभाग सुमारे २७ अंशांनी कलतो. तो गुरुत्वाकर्षणाइतका, म्हणजे १ जी, झाला की ४५ अंशांनी, २ जी झाला की ६३ अंशांनी. ३० सेंटिमीटर लांबीच्या चेंबरमध्ये ४५ अंशांचा कल म्हणजे पुढच्या आणि मागच्या टोकांत ३० सेंटिमीटरचा फरक. एवढी खोली बहुतेक चेंबरना नसतेच, त्यामुळे पुढचा तळ उघडा पडतो. त्यात गाडीचे नाक जेवढे अंश वर उचलले जाईल, तेवढे अंश या कलात मिळवावे लागतात. दोन्ही गोष्टी तेलाला एकाच दिशेने, मागे, ढकलतात.

आपली गाडी किती जी घेते, हे ६० फुटांच्या वेळेवरून ताडता येते. सुरुवातीच्या रेषेवर टायमर चालू होण्याआधी गाडी थोडी सरकलेली असते, हे धरले तर १.७ सेकंदांची वेळ ढोबळमानाने १ जी सरासरी प्रवेग दाखवते आणि १.२ सेकंदांची वेळ २ जी. म्हणूनच साध्या टायरवर वर्षानुवर्षे नीट चाललेले इंजिन मऊ स्लिक टायर चढवल्यावर पहिल्याच मोसमात बसते. इंजिनात काहीच बदललेले नसते. टायरची पकड वाढली, प्रवेग वाढला आणि तेल पूर्वी जिथे थांबत होते तिथे थांबेनासे झाले.

चेंबरचा खळगा, म्हणजे तेल साठणारा खोल भाग, पुढे आहे की मागे, यावर बरेच काही ठरते. १९५५ साली आलेल्या शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनात खळगा मागे असतो आणि ऑइल पंपही मागच्या मेन बेअरिंगच्या कॅपवर बसतो. लाँचमध्ये तेल मागे गेले तरी ते पिकअपच्या जाळीपाशीच जाते. फोर्डचे स्मॉल ब्लॉक व्ही-८ मात्र सुरुवातीच्या मस्टँगमध्ये पुढच्या खळग्याचे चेंबर घेऊन आले. अशी जुनी मस्टँग जोरात सुटली की तेल पुढच्या खळग्यातून मागच्या उथळ भागावर चढते. तिथे क्रँकचे वजनी भाग ते घुसळतात आणि जाळी उघडी पडते. पुढे १९७९ पासूनच्या मस्टँगमध्ये त्याच घराण्यातल्या इंजिनाला दोन खळग्यांचे चेंबर मिळाले आणि पिकअप मागच्या खळग्यात गेला. ड्रॅगसाठी ही रचना बरीच सोयीची ठरली. जुन्या गाडीवाल्यांना मात्र चेंबरमध्ये हात घालावाच लागतो.

भारतातल्या बहुतेक लहान कारची इंजिने आडवी बसवलेली असतात. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग स्पर्धांत उतरलेल्या अनेक गाड्याही याच जातीच्या. आडव्या इंजिनाचे चेंबर प्रवासाच्या दिशेने आखूड असल्यामुळे दोन टोकांतला फरक कमी राहतो, पण तेल मागच्या भिंतीवर चढणे टळत नाही. पिकअप पुढच्या बाजूला असेल तर धोका तोच. मोटारसायकलींत पुढचे चाक हवेत गेले की कल आणखी वाढतो.

दाब कमी पडतो म्हणून जास्त क्षमतेचा पंप बसवणे, हा सर्वांत लोकप्रिय उपाय आहे आणि सर्वांत चुकीचाही. तुटवडा पंपाच्या ताकदीचा नसून त्याच्या तोंडाशी असलेल्या तेलाचा असतो. बेअरिंगची मोकळीक कमी असलेल्या इंजिनात मोठ्या पंपाचे जादा तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत फिरते आणि नुसतेच तापते. मोकळीक जास्त असलेल्या इंजिनात ते खरोखरच वर जाते. मग परिणाम उलटा होतो. मिनिटाला ४० लिटर ओढणारा पंप पाच लिटरचे चेंबर साडेसात सेकंदांत उपसू शकतो. वर गेलेले तेल सिलिंडर हेडमधून तेवढ्या वेगाने खाली उतरत नाही. लाँचमध्ये ते हेडच्याही मागच्या टोकाला साचते. म्हणून हेडमधली परतीची छिद्रे मोकळी आणि गुळगुळीत ठेवणे, तसेच वरच्या भागाकडे जाणारे तेल योग्य तिथे रेस्ट्रिक्टरने आवरणे, ही कामे पंप बदलण्याच्या आधीची आहेत. थंड, दाट तेल खाली यायला जास्त वेळ घेते, त्यामुळे तेल गरम न करता लाँच घेणे हीसुद्धा घोडचूक.

खरा उपाय चेंबरमध्येच आहे. खळगा खोल हवा किंवा बाजूंनी रुंदावलेला हवा. पिकअपभोवती उभे पत्रे, म्हणजे बॅफल, लावून एक कप्पा करतात. त्या पत्र्यांना आतल्या बाजूलाच उघडणाऱ्या झडपा असतात. तेल कप्प्यात येऊ शकते, पण उलट जायला लागले की झडप बंद होते. खळग्यावर आडवा पत्रा असला की तेल भिंतीवरून चढून क्रँकपर्यंत जात नाही. क्रँकखालचा विंडेज ट्रे फिरणाऱ्या क्रँकने उडवलेले तेल वेगळे करून खाली उतरवतो. पिकअपची जाळी तळापासून साधारण ६ ते १० मिलिमीटर वर असावी. हे अंतर नजरेने ठरवू नये. जाळीवर खेळण्यातली मऊ माती (क्ले) ठेवून चेंबर बसवावे, काढावे आणि दबलेल्या मातीची जाडी मोजावी. अर्धा-पाऊण लिटर तेल जास्त घालण्याची पद्धतही कामाची आहे, पण पातळी क्रँकला लागू लागली की तेलाचा फेस होतो आणि ज्यासाठी खटाटोप केला तेच बिघडते.

लाँचकडे लक्ष देताना शेवटची रेषा विसरली जाते. रेषा ओलांडल्यावर ब्रेक लागतात, वेगवान गाड्यांचे पॅराशूट उघडते आणि सगळे तेल पुढे झेपावते. मागच्या खळग्यातला पिकअप आता उघडा पडतो, इंजिन मात्र अजून वेगात फिरत असते आणि बरेच तेल वरतीच अडकलेले असते. त्यामुळे बॅफल दोन्ही दिशांचा विचार करून बसवावे लागते.

एवढे करूनही दाब खाली येत असेल, तर ऑइल अ‍ॅक्युम्युलेटर लावता येतो. हे पिस्टन असलेले नळकांडे असते. एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला दोन-तीन लिटर तेल. इंजिनच्या मुख्य तेलवाहिनीतला (गॅलरीतला) दाब घसरला की हवा ते तेल बेअरिंगांकडे ढकलते. चेक व्हॉल्व्ह असल्याने ते पंपाकडे मागे जात नाही. काही सेकंदांची उणीव त्याने भरून निघते. इंजिन सुरू करण्याआधी बेअरिंगांना तेल पोहोचवायलाही तो उपयोगी पडतो. त्यापुढची पायरी ड्राय संपची. यात चेंबरमध्ये तेलाचा साठा नसतोच. वेगळे पंप तळातले तेल उपसून उंच, अरुंद टाकीत टाकतात आणि दाबाचा पंप त्या टाकीच्या बुडातून तेल घेतो. शेव्हरोलेने २००६ च्या कॉर्व्हेट झेड-०६ मध्ये ही रचना कारखान्यातूनच दिली. ती महाग आणि गुंतागुंतीची आहे. १ जीच्या आसपास सुटणाऱ्या रस्त्यावरच्या गाडीला चांगले चेंबर बहुधा पुरेसे असते.

उपाय लागू पडला की नाही, हे काट्याच्या मीटरवरून कळत नाही. अर्ध्या सेकंदाची घसरण काटा दाखवत नाही आणि त्या वेळी चालकाची नजरही मीटरवर नसते. दाबाचा सेन्सर डेटा लॉगरला जोडावा आणि प्रत्येक धावेनंतर दाबाची रेघ आरपीएमच्या रेघेशेजारी ठेवून पाहावी. लाँचला किंवा ब्रेकला तिच्यात खड्डा दिसला, तर ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडाव्यात. चमकणारे कण सापडले, तर चेंबर उतरवून बेअरिंगे तपासेपर्यंत ती गाडी रेषेवर उभी करू नये.