पाव लांडगा, पाऊण कुत्रा

लांडग्यासारखा दिसणारा धिप्पाड कुत्रा दारात असला म्हणजे चोराची काय बिशाद, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत कितपत खरी आहे? हॉलंडमध्ये झालेल्या एका प्रयोगावरून आपल्याला याचे उत्तर मिळते.

लेंडर्ट सारलोस नावाच्या डच गृहस्थांना जर्मन शेफर्ड, म्हणजे आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो तो कुत्रा, फार आवडे. पण माणसाच्या संगतीत तो मवाळ झाला आहे, लांडग्याचे रक्त मिसळल्यास तो अधिक काटक व कामसू होईल, असे त्यांचे मत होते. म्हणून १९३० ते १९४० या दशकात त्यांनी एक जर्मन शेफर्ड नर आणि लांडग्याची एक मादी यांचा संकर घडवून आणला.

हे शक्य कसे झाले? घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या पेशीत ६२. त्यांच्या संकरातून होणाऱ्या खेचराला सामान्यतः पिल्ले होत नाहीत. कुत्रा आणि लांडगा यांची गुणसूत्रे मात्र सारखीच, म्हणजे ७८ असतात. त्यामुळे त्यांच्या संकरित पिल्लांनाही पुढे पिल्ले होऊ शकतात. पहिल्या पिढीत लांडग्याचा अंश निम्मा असतो. त्या पिल्लांचा पुन्हा कुत्र्याशी संकर केला की तो सरासरीने पाव उरतो. सारलोस यांनी असेच पाव अंशाचे प्राणी निवडून पुढची पैदास केली.

परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा निराळा झाला. सुरुवातीच्या काही कुत्र्यांना अंधांचे वाटाडे म्हणून काम देण्यात आले. पण पुढच्या पिढ्यांत तो गुण टिकला नाही. हे कुत्रे अनोळखी माणूस दिसताच अंगावर जाण्याऐवजी दूर पळत! याचे कारण असे, की लांडगा हा मुळात बुजरा प्राणी आहे. रानात जो सावध राहतो तोच जगतो. हा सावधपणा पाव अंशाबरोबरही उतरला.

येथे माणसाळलेला प्राणी आणि पाळीव प्राणी यांतील फरक लक्षात घ्यायला हवा. लांडग्याचे पिल्लू डोळे उघडण्यापूर्वीच आणून बाटलीने दूध पाजून वाढवले, तर ते माणसाळते. पण त्याची पिल्ले पुन्हा रानटीच निपजतात. कुत्र्याचा माणसावरील विश्वास हजारो वर्षांच्या निवडीतून त्याच्या आनुवंशिकतेतच आलेला आहे. २००३ मध्ये बुडापेस्टच्या शास्त्रज्ञांनी माणसांत वाढवलेले लांडगे आणि कुत्रे यांची तुलना प्रसिद्ध केली. मांसाचा तुकडा कसा मिळवायचा हे प्राण्यांना आधी शिकवले आणि मग ती वाट बंद केली. कुत्रे लवकरच मागे वळून माणसाच्या तोंडाकडे पाहू लागले. लांडगे मात्र बहुतांशी आपलीच खटपट करीत राहिले.

१९६९ मध्ये सारलोस वारले. १९७५ मध्ये हॉलंडमध्ये या जातीला मान्यता मिळाली व तिला त्यांचेच नाव देण्यात आले. ६५ ते ७५ सेंटिमीटर उंचीचा हा नर कुत्रा घरच्या माणसांवर अतिशय माया करतो. पण त्याला राखणदार समजून साखळीने बांधणे चुकीचे आहे. पळायची वाट बंद झाली की तो घाबरतो, आणि घाबरलेला प्राणी चावू शकतो. त्याला मोठे आवार, उंच कुंपण, रोजची लांबवर धाव आणि सोबत लागते. पिल्लूपणापासूनच निरनिराळी माणसे, आवाज व जागा यांची ओळख करून द्यावी लागते. शहरातील दोन खोल्यांच्या घरात हे जमणार नाही. आपल्या देशात तर लांडग्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे; त्याचे पिल्लू घरी आणणे हा गुन्हा ठरतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रा असेल तर एक साधा प्रयोग करून पाहा. त्याच्यासमोर भाकरीचा तुकडा डब्यात ठेवा. दोनतीनदा त्याला तो काढू द्या आणि मग झाकण घट्ट लावा. तो किती वेळाने तुमच्याकडे पाहतो, हे घड्याळ लावून मोजा. नंतर तुकडा त्याला द्यायला मात्र विसरू नका!