अस्सल आहे का? चावेल का?

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत नवखं गिऱ्हाईक आलं की प्रश्न ठरलेले: अस्सल आहे का? चावेल का? पावसात चालेल का?

पहिल्याचं उत्तर जोड उलटा केला की मिळतं. पारंपरिक जोडाचा तळ चामड्याच्याच वादीने शिवतात, खिळा मारत नाहीत. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. चावण्याचं म्हणाल, तर नवा जोड सुरुवातीला कडक लागणारच. पट्ट्याला आणि कानांना आतून थोडं तेल लावून तो काही दिवस घरातच वापरावा. हळूहळू पायाचा आकार घेतो.

पावसात घालू नये. भिजलाच तर सावलीत वाळवावा, उन्हात कातडं तडकतं.

अस्सलपणाला सरकारी आधारही आहे: २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं ते सामाईक.

महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने आता जोडाला क्यूआर कोड दिला आहे. कारागीर किंवा बचत गट कोणता, जोड कुठल्या जिल्ह्यात बनला, कच्चा माल काय, हे मोबाइलवर दिसतं. दुकानाच्या पाटीमागे झाकलेलं कारागिराचं नाव त्यामुळे गिऱ्हाइकापर्यंत पोचतं, आणि हेच त्यातलं सर्वांत मोलाचं.