कुस्तीत जिद्द तर हवीच, पण आपलं अंग ओळखता आलं पाहिजे

जत्रांचा हंगाम आला की कुस्त्यांच्या फडाच्या तारखा मोबाईलवर फिरायला लागतात. तालमीत नवी पोरं येतात, घरचे दुधा-बदामाचा खर्च उचलतात. पोरगा जिद्दी आहे म्हणजे नाव काढणारच, असं आपण सहज बोलून जातो. जाणता वस्ताद मात्र आणखी एक गोष्ट बघतो. आपल्यात काय आहे आणि काय कमी आहे, हे पोराला कळतं का? कुस्तीत या दोन्ही गोष्टी का लागतात, ते समजून घेऊया.

खाशाबांची चार वर्षं

कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत तयार झालेला हा पैलवान तिथं मॅटवर, परक्या नियमांत खेळला आणि सहावा आला. त्यानंतर चार वर्षं त्यांनी नेटानं मेहनत केली. 1952 ला हेलसिंकीत ते वरच्या, म्हणजे 57 किलोच्या गटात उतरले आणि त्यांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक होतं.

नुसते जोर-बैठका वाढवून मॅटची कुस्ती येत नाही. मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते, त्यामुळं दम राखून वाट बघता येते. आजच्या मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात आणि यशस्वी पकडींना गुण मोजले जातात. दम भरपूर पण सुरुवात संथ असेल, तर तो पैलवान मातीत टिकतो, मॅटवर मात्र मागं पडतो. हे ज्याला स्वतःबद्दल कळलं, तो मेहनत योग्य जागी लावतो.

वजन तोडताना जिद्द उलटते

आपल्याकडं सगळ्यात जास्त चूक इथंच होते. खालच्या गटात कुस्ती सोपी जाईल म्हणून पोरं दोन दिवस पाणी सोडतात, जाड कपडे घालून उन्हात पळतात. काट्यावर वजन कमी दिसतं खरं, पण गेलेलं असतं ते अंगातलं पाणी. पाणी घटलं की रक्त कमी पडतं, काळजावर आणि मूत्रपिंडावर ताण येतो, पायात गोळे येतात, पकड ढिली होते.

अमेरिकेत 1997 साली वजन तोडण्याच्या नादात कॉलेजचे तीन पैलवान सुमारे महिनाभरात दगावले. त्यानंतर तिथले वजनाचे नियम बदलावे लागले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट 50 किलो गटात अंतिम फेरीत पोचली. रात्रभर घाम गाळूनही सकाळी वजन सुमारे 100 ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली. तिच्या जिद्दीवर कोण बोट ठेवणार? पण शरीराची एक हद्द असते आणि तिच्यापुढं जिद्द चालत नाही.

दुखणं कुठलं, इजा कुठली?

मेहनतीनंतर दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे सारखे ठणकत असतील आणि दोन-तीन दिवसांत उतरत असेल, तर ते नेहमीचं दुखणं आहे. ते सोसायचं. पण खाली दिलेल्यापैकी काही झालं, तर लगेच थांबायचं:

- एकाच सांध्यात कळ येते, सूज आहे, गुडघा अडकतो किंवा दगा देतो.
- डोक्याला मार लागून चक्कर, उलटी होते किंवा मघाचं आठवत नाही. अशा वेळी त्या दिवशी परत कुस्ती नाही, आधी डॉक्टर.
- जास्त मेहनतीनंतर लघवी चहासारखी काळपट होते. सरळ दवाखाना गाठायचा.

मोडलेला कान पैलवान अभिमानानं मिरवतो. मोडलेला गुडघा मात्र मिरवता येत नाही, त्यानं तालीम सुटते.

मग करायचं काय?

एक साधी वही ठेवा. रोज सकाळचं वजन, झोप किती झाली, काय दुखतंय आणि काल कुठल्या डावावर मार खाल्ला, एवढंच लिहा. महिनाभरानं वही चाळली की आपली कच्ची बाजू समोर येते. चार वेळा पटावरच पडलो असू, तर पुढचा महिना पट कसा तोडायचा ते शिकण्यात घालवायचा. आवडता डाव घोटत बसायचं नाही.

दुखणं वस्तादापासून लपवू नका. पोरगं खोटं बोललं तर वस्ताद चुकीची मेहनत घेणार आणि नुकसान पोराचंच होणार. कोणी लवकर अंग भरायचं इंजेक्शन किंवा बिनलेबलाची पावडर देऊ केली, तर घेऊ नका. आई-वडिलांनीही घरी आल्यावर "जिंकलास का?" एवढंच विचारू नये. "आज काय जमलं नाही?" हेही विचारावं.

फडात आपल्यापेक्षा फारच वजनदार जोड समोर आली, तर वस्तादांनी नाही म्हणावं. त्यात कसली लाज नाही. पुढच्या जत्रेला पोरगं धडधाकट असलं, तर कुस्ती परत लावता येते.