जागरण वेगळं, निद्रानाश वेगळा

गणेशचतुर्थी जवळ आली की पेण आणि हमरापूरच्या गणपती कारखान्यांतले दिवे पहाटेपर्यंत विझत नाहीत. अंगाला रंग द्यायला हात पुष्कळ असतात. डोळ्यांची आखणी मात्र मुरलेल्या हाताकडेच जाते. श्वास रोखून बुबुळाची बारीक रेघ ओढणाऱ्या त्या कारागिराचे स्वतःचे डोळे तांबारलेले. गाड्या भरून निघाल्या की तो मिळेल तिथे आडवा होतो आणि मिनिटभरात घोरू लागतो. हे जागरण. निद्रानाशाची तऱ्हा उलटी: अंथरूण आहे, अंधार आहे, वेळही आहे, फक्त झोप नाही.

रोह्याच्या पाळी कामगारांची गत या दोहोंच्या मधली. धाटावच्या रासायनिक कारखान्यांत पाळ्या चालतात. नाईट करून आलेला माणूस भर उन्हात पडदे ओढून पडतो. शेजारी कुकरच्या शिट्ट्या सुरू असतात. शरीराचं घड्याळ सूर्य लावतो, ते ड्युटीच्या तक्त्याला जुमानत नाही.

झोपेचा धागा मनाशीही जोडलेला आहे. मन खचलं की झोप उडते, हे कुणालाही सांगावं लागत नाही. पण झोप उडाली म्हणून मन खचतं का? १९८९ साली डॅनियल फोर्ड आणि डग्लस कॅमेरो या संशोधकांनी जवळपास आठ हजार अमेरिकनांच्या मुलाखती तपासल्या. प्रत्येकाला वर्षभराच्या अंतराने दोनदा विचारलं होतं. दोन्ही खेपेला झोपेची तक्रार सांगणाऱ्यांत नव्याने नैराश्य जडण्याचा धोका कितीतरी जास्त निघाला. मधल्या काळात ज्यांची झोप सुधारली, त्यांच्यात तो बराच कमी होता.

अर्थात आधी दिसला तोच चोर, असं होत नाही. उडालेली झोप ही येऊ घातलेल्या आजाराची नुसती चाहूलही असू शकते. खरी परीक्षा एकच: झोप दुरुस्त करा आणि वाट पाहा. लॉस एंजेलिसमध्ये संशोधक मायकेल अर्विन यांनी तेच केलं. साठीपुढच्या २९१ जणांना निद्रानाश होता, नैराश्य नव्हतं. निम्म्यांना झोपेविषयी माहिती दिली, निम्म्यांच्या झोपेच्या सवयी आणि तिच्याबद्दलचे विचार बदलायचे उपचार केले. तीन वर्षांत पहिल्या गटात सुमारे २६ टक्क्यांना नैराश्य आलं, दुसऱ्यात १२ टक्क्यांना. मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी झोपेचे गुण सांगतं, त्यापेक्षा ही बातमी मोठी. गाजली मात्र घड्याळं.

या उपचारातला एक भाग तर फारच मजेशीर आहे. झोप येत नाही म्हणणाऱ्याला निद्रातज्ज्ञ आर्थर स्पीलमन अंथरुणातला वेळ कमी करायला सांगत! पाच तास झोप लागते ना, मग आठ तास लोळायचं कशाला?

आणि आता खरा चकवा. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनमध्ये वॉल्टर शुल्टे या मनोविकारतज्ज्ञांच्या कानावर एका नैराश्यग्रस्त व्यक्तीची हकिगत आली: रात्रभर सायकल चालवली की सकाळी मन हलकं होतं. त्यांचे सहकारी प्फ्लूग आणि टोले यांनी रुग्णांना रात्रभर जागवून पाहिलं आणि १९७१ साली निष्कर्ष छापले. अनेकांची उदासी खरोखरच सकाळपर्यंत ओसरली होती. गोळ्यांना ज्यासाठी आठवडे लागतात, ते एका रात्रीत! पण पुढची झोप लागली की बहुतेकांची उदासी परतायची. काहींना दुपारची डुलकीही पुरायची. शिवाय ज्यांची उदासी उन्मादाशी आलटूनपालटून येते, त्यांना जागरणाने उन्मादाचा झटका येऊ शकतो. म्हणून हा प्रयोग घरच्या घरी करायचा नाही. उदासीबद्दल कुणाशी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिसऱ्या पाळीतही.